सतरा रिव्नियांचं अंडं

युद्ध चालू असताना हिशेब मागायचा नसतो, हे मला सरळ चोरांच्या सोयीचं वाक्य वाटतं. युक्रेनमध्ये जानेवारी २०२३ला युरी निकोलोव या पत्रकाराने संरक्षण मंत्रालयाचं एक कंत्राट उघड केलं. सैनिकांसाठी घेतलेलं अंडं १७ रिव्नियांना. कीवच्या दुकानात ते सातच्या आसपास. मंत्री म्हणाले, तांत्रिक चूक! उपमंत्री लगेच गेले, मंत्री सप्टेंबरमध्ये.

पोर्टल आणलं की भ्रष्टाचार जातो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हेही बघावं: सरकारी खरेदीचं ‘प्रोझोरो’ हे पोर्टल तिथे २०१६पासून सक्तीचं आहे. चांगलंही आहे. पण युद्धाच्या नावाखाली लष्करी खरेदी त्यावर दिसतच नव्हती. मग शोधायला माणूसच लागला.

आणि माणसं लागतातच. २२ जुलै २०२५ला संसदेने भ्रष्टाचारविरोधी तपास यंत्रणा, म्हणजे ‘नाबू’ची स्वायत्तता काढून घेतली. झेलेन्स्कींनी त्याच दिवशी सही केली. रशियन ड्रोन रोज येत असताना तुमच्या वयाची पोरं-पोरी पुठ्ठ्यावर घोषणा लिहून रस्त्यावर उतरली. त्यांना कुणी देशद्रोही म्हणणार होतं? यातल्या कितीतरी जणांचे भाऊ आघाडीवर होते. ३१ जुलैला त्याच संसदेने ३३१ मतांनी स्वायत्तता परत दिली.