एका चुलीचा पुरावा

सवलतीची कुठलीही योजना घ्या. जाहिरातीत हसरं कुटुंब असतं आणि खाली बारीक अक्षरात त्या कुटुंबाचा पुरावा मागितलेला असतो. वॉटर पार्कच्या सीझन पासचंच बघा. पहिल्या माणसाला पूर्ण दर, 'त्याच घरातल्या' पुढच्या प्रत्येकाला सूट. त्याच घरातले म्हणजे कोण? तर ज्यांच्या ओळखपत्रावर एकच पत्ता आहे ते. माझं मत आधीच सांगून टाकतो: ही अट लबाडाला अडवत नाही आणि खऱ्या कुटुंबाला मात्र खिडकीवरून परत पाठवते.

आमच्या घरचा हिशेब मांडतो. मूळ घर पेठ वडगावचं. तिथे आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. मी पुण्यात, दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरार. त्यामुळे माझ्या आधारवर अजून वडगावचाच पत्ता. बायकोच्या आधारवर तिच्या माहेरचा, म्हणजे मिरजेचा. पोरीचं आधार पुण्यात काढलं, म्हणून तिच्यावर पुण्याचा. म्हणजे कागदोपत्री आम्ही तिघं तीन जिल्ह्यांत राहतो! या मे महिन्यात सगळे मिळून एका पार्कच्या खिडकीवर गेलो तर मी, आई आणि दादाचं घर 'कुटुंब' ठरलो, आणि बायको-पोरगी पाहुण्या. याउलट हिंजवडीत एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चार पोरांनी आपापल्या आधारवर तो पत्ता घालून घेतला असेल, तर ते पत्त्याच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्कांनी पास.

डेटाबेसवाल्या मंडळींच्या लगेच लक्षात येईल. नातं साठवायला वेगळा रकाना नाही, म्हणून पत्त्यालाच की करून टाकलंय. पत्ता बदलतो, नातं बदलत नाही. असलं डिझाइन आपल्या रिव्ह्यूमध्ये आलं असतं तर आपण पास केलं असतं का?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "रेशनकार्ड आणा." आता रेशनकार्डाची गंमत ऐका. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी कार्डं आली. पिवळं, केशरी आणि वर्षाला लाखाच्या वर उत्पन्न असलेल्यांना पांढरं. आमच्यासारख्यांच्या पांढऱ्या कार्डावर धान्याचा दाणा मिळत नाही. कार्ड ठेवायचं ते फक्त दाखवायला. आणि केंद्राच्या २०१५ च्या सार्वजनिक वितरण आदेशात तर स्पष्ट लिहिलंय की रेशनकार्ड ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरायचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका निकालात हेच सांगितलं. म्हणजे धान्यासाठी काढलेला कागद, ज्यावर धान्य मिळत नाही, तो रहिवासाला चालत नाही, आणि तरी खिडकीवर तोच मागतात. असो.

बायकोचं आणि पोरीचं नाव त्यावर चढवायचं किंवा पुण्यात वेगळं कार्ड काढायचं, हे दोन मार्ग उरतात. पुण्यात काढायचं तर आधी माझं नाव वडगावच्या कार्डातून 'कमी' करायला लागतं. सरकारी भाषेत शब्दच तो आहे: नाव कमी करणे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "जित्या माणसाचं नाव कशाला कमी करायचं रे? तू काय वाटणी मागतोयस का?" तिचं काय चुकलं? आमच्याकडे कार्ड वेगळं म्हणजे चूल वेगळी आणि चूल वेगळी म्हणजे भाऊ वेगळे, असाच अर्थ गल्लीत लावला जातो. तीनशे-चारशे रुपयांच्या सवलतीसाठी एवढी किंमत कोण मोजणार?

बरं, सरकारला तरी कुटुंब म्हणजे काय हे एकदा ठरवता आलंय का? जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. पण त्या व्याख्येतही कामाच्या निकडीमुळे चुलीपासून लांब असणाऱ्याला सूट दिलेली आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात प्रवासभत्त्याच्या कलमाखाली, म्हणजे आपल्या एलटीएसाठी, नवरा-बायको आणि मुलं तर धरली होतीच, शिवाय अवलंबून असलेले आई-वडील आणि भावंडंही. एका पत्त्याची अट नव्हती. हिंदू अविभक्त कुटुंबाला तर आयकर खातं वेगळं पॅन देतं, मग एक भाऊ वडगावात असो नाहीतर ह्यूस्टनला. हजारोंची करसवलत देणारा कायदा जे विचारत नाही, ते घसरगुंडीच्या पाससाठी विचारायचं!

आधारवाल्यांनासुद्धा ही अडचण कळली. जानेवारी २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलायची ऑनलाइन सोय झाली. नात्याचा कागद जोडायचा, नसेल तर कुटुंबप्रमुखाचं स्वयंघोषणापत्र, आणि त्याने तीस दिवसांत होकार द्यायचा. म्हणजे पत्ता सिद्ध करायला आधी नातं दाखवायचं. पार्कच्या खिडकीवर नेमकं उलटं चालतं.

आता दुसरी बाजूही बघू. पार्कवाल्याची भीती खोटी नाही. अट काढली तर ऑफिसातले सहाजण 'चुलतभाऊ' होऊन येतील. पण त्याचं खरं नुकसान कशात आहे? एकच पास दहाजणांनी आळीपाळीने वापरण्यात. ते थांबवायला पास घेतानाच नावं आणि फोटो पक्के केले की झालं. मग ते सहाजण चुलतभाऊ असोत नाहीतर एका टीममधले, पैसे सहा पासांचे आले, चेहरे सहाच राहिले. नात्याच्या चौकशीची गरज कुठे उरली?

हा बदल आमच्या गावाजवळच्या हायवेवर झालेलाही आहे. वाठारच्या फाट्याजवळच किणीचा टोलनाका. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी स्वस्त मासिक पास आहे, आणि त्याला रहिवासाचा पुरावा लागतो. १५ ऑगस्ट २०२५ ला फास्टॅगचा वार्षिक पास आला, तेव्हा ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या. तो गाडीला जोडलेला. तुम्ही कुठे राहता, कुणाबरोबर राहता, काही विचारत नाही. एसटीचंही तसंच. २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट, ती कुणाची कोण हे कंडक्टर विचारत नाही.

शिवाय या खिडक्यांवर आपण काय काय देऊन येतो, याचाही विचार करा. घरातल्या सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स एका ड्रॉवरमध्ये. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळूर कार्यालयाने झेरॉक्स वाटू नका असा इशारा काढला, गोंधळ झाला आणि दोन दिवसांत तो मागे घेतला. इशारा गेला तरी धोका गेला असं नव्हे. निदान पहिले आठ आकडे झाकलेलं आधार तरी द्या.

म्हणून कुठे असा पास घ्यायला गेलात तर खिडकीवरच्या पोरावर चिडू नका, तो नियम पाळतोय. मॅनेजरला दोन ओळींची मेल टाका: नावं घ्या, फोटो घ्या, डोकी मोजा, पत्ता सोडा. आपल्या पिढीत नोकरीसाठी घर सोडलेलं माणूस प्रत्येक घरात आहे. ते माणूस घरातलं आहे की नाही, हे पिनकोडवरून ठरवायची वेळ कुणावर येऊ नये.