गेमची डिजिटल प्री-ऑर्डर : तुटवडाच नसलेल्या मालासाठी घाई कशाला?

नंजनगूड (म्हैसूर) : कपिला नदीच्या काठी वसलेले आणि श्रीकंठेश्वर मंदिर व भौगोलिक मानांकन लाभलेल्या रसबाळे केळ्यामुळे ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव म्हैसूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घरी असलेल्या येथील ग्राहकाला नवा व्हिडिओ गेम घेण्यासाठी आता शहर गाठावे लागत नाही. कन्सोलमधील डिजिटल दुकानात गेम प्रकाशित होण्याच्या कितीतरी आधी प्री-ऑर्डरचा पर्याय दिसू लागतो आणि मोठ्या गेमसाठी सुमारे पाच हजार रुपये बसल्या जागी भरता येतात. मात्र न पाहिलेल्या मालाची पूर्ण किंमत आगाऊ देणारा हा ग्राहक कितपत सुरक्षित आहे, याचा विचार क्वचितच होतो.

आगाऊ पैसे देण्याची रीत आपल्या बाजारपेठांना नवी नाही. विसार देऊन माल राखून ठेवण्याला अर्थ असतो, कारण माल मर्यादित असतो आणि विसार हा किमतीचा छोटा भाग असतो. डिस्कच्या काळात प्री-ऑर्डरमागेही हेच कारण होते; दुकानात मोजक्याच प्रती येत. डिजिटल प्रत मात्र कधीच संपत नाही. तरीही ग्राहकाने आधीच पैसे मोजावेत यासाठी जादा पोशाख, विशेष शस्त्रे किंवा महागड्या आवृत्तीत काही दिवस आधी खेळण्याची मुभा अशी आमिषे दाखवली जातात. प्रकाशकाला मागणीचा अंदाज आणि पहिल्या आठवड्याच्या विक्रीची हमी मिळते. जोखीम ग्राहकाकडे सरकते.

ग्राहकाचा एक फायदा मात्र खरा आहे. आजचे अनेक गेम १०० जीबीच्या आसपास किंवा त्याहून मोठे असतात. इंटरनेटचा वेग कमी असलेल्या गावांत प्रकाशनापूर्वीच डाउनलोड पूर्ण होणे ही मोठी सोय ठरते.

जोखमीचे सर्वांत ठळक उदाहरण ‘सायबरपंक २०७७’चे आहे. १० डिसेंबर २०२० रोजी आलेल्या या गेमसाठी सुमारे ८० लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. समीक्षकांना प्रकाशनापूर्वी केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती. जुन्या कन्सोलवरील आवृत्तीची दुरवस्था ग्राहकांना पैसे भरल्यानंतरच कळली. १८ डिसेंबरला सोनीने हा गेम आपल्या दुकानातून हटवून पैसे परत देण्याची घोषणा केली. तो पुन्हा विक्रीस आला जून २०२१ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला सोनीचाच ‘कॉन्कॉर्ड’ दोन आठवड्यांत बंद झाला आणि खरेदीदारांना रक्कम परत करावी लागली. बाजारात तुरी असताना घरात भांडण करण्याची म्हण येथे पैशांच्या व्यवहारात उतरलेली दिसते.

परताव्याचे नियम दुकानागणिक वेगळे आहेत. प्लेस्टेशन स्टोअरवर प्रकाशनाच्या १४ दिवसांहून आधी केलेली प्री-ऑर्डर प्रकाशनाच्या तारखेपर्यंत रद्द करता येते. त्यानंतरच्या खरेदीसाठी १४ दिवसांची मुदत असते, पण डाउनलोड सुरू झालेले नसावे लागते. शेवटच्या पंधरवड्यात खरेदी करणाऱ्याच्या कन्सोलवर स्वयंचलित डाउनलोड चालू असेल, तर त्याचा हक्क नकळत संपू शकतो. निन्टेन्डोने प्री-ऑर्डर रद्द करण्याची मुभा युरोपात २०२० मध्ये दिली, तीही नॉर्वे आणि जर्मनीतील ग्राहक संघटनांनी पाठपुरावा केल्यानंतर.

भारतात डिजिटल खरेदीसाठी अशी ठरावीक फेरविचाराची मुदत कायद्याने दिलेली नाही. तथापि ग्राहक निहत्था नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० डिजिटल उत्पादनांना आणि भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू होतात. खोटी निकड निर्माण करण्यासारख्या फसव्या क्लृप्त्यांवर नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. म्हणजे नंजनगूडच्या ग्राहकासाठी म्हैसूरचा जिल्हा आयोग पुरेसा आहे.

देशी निर्मात्यांचा अनुभवही विचारात घ्यावा लागेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’साठीची २०१७ मधील लोकवर्गणीची मोहीम उद्दिष्ट गाठू शकली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये हा गेम सर्वप्रथम आला तो निन्टेन्डो स्विचवर, ज्याचे अधिकृत डिजिटल दुकान भारतात नव्हते. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’साठी मोबाइलवर विनामूल्य पूर्वनोंदणीचा मार्ग निवडला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गेम प्रकाशित केला. ग्राहकाचा खिसा रिकामा न करताही उत्सुकता मोजता येते, हे त्यातून दिसले. छोट्या निर्मात्याला आगाऊ पैशांची गरज असू शकते. बड्या प्रकाशकाला ती सबब सांगता येणार नाही.

प्रकाशनापर्यंत विनाअट रद्द करण्याचा हक्क, स्वयंचलित डाउनलोडपूर्वी स्पष्ट सूचना आणि परताव्याच्या अटी भारतीय भाषांत, एवढ्या तीन तरतुदी नियमांत आल्या तरी हा व्यवहार बराच समतोल होईल. तोपर्यंत समीक्षा येईपर्यंत थांबणे हाच स्वस्त उपाय आहे. पैसे अडकलेच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठी व कन्नडसह १७ भाषांत उपलब्ध आहे.