फी कोण भरतं?

लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाला, म्हणजे यूएससीला, टिंगल करणारे ‘युनिव्हर्सिटी ऑफ स्पॉइल्ड चिल्ड्रन’ म्हणतात. लाडावलेल्या बाळांचं विद्यापीठ. या बाळांचं वर्णनही ठरलेलं. मुलगी असेल तर लुलुलेमॉनच्या लेगिंग्ज, पांढरेशुभ्र स्नीकर्स आणि मनगटात कार्टियेचं कडं. मुलगा असेल तर बापाच्या गाडीची किल्ली बोटावर फिरवत येणार. सोनेरी केस दोघांनाही सक्तीचे!

टोमणा अगदीच निराधार नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्राप्तिकराच्या नोंदींवरून अमेरिकी कॉलेजांतल्या मुलांच्या घरचं उत्पन्न तपासलं. यूएससीतली दर शंभरातली ६३ मुलं देशातल्या वरच्या २० टक्के श्रीमंत घरांतली निघाली.

२०१९ मध्ये तर प्रवेशासाठीची लाचखोरी उघडकीला आणून एफबीआयनेच या चित्रात रंग भरले. अभिनेत्री लोरी लॉकलिन आणि तिचा नवरा, फॅशन डिझायनर मोसिमो जियानुली यांनी दोन मुलींच्या प्रवेशासाठी ५ लाख डॉलर मोजले होते. मुली नौकानयनपटू आहेत असं दाखवायचं होतं आणि त्या तर नौकानयनपटू नव्हत्याच. मग त्यांना रोइंग मशिनवर बसवून फोटो काढले आणि दलालाकडे धाडले. धाकटी यूट्यूबवर कपडे-मेकअपचे व्हिडिओ करून नावारूपाला आलेली. बोभाटा होताच सेफोराने तिच्याशी असलेला करार गुंडाळला. पुढच्या वर्षी आईला दोन आणि बापाला पाच महिन्यांची कैद झाली. दलाल रिक सिंगर या मार्गाला ‘साइड डोअर’ म्हणायचा. घसघशीत देणगी देऊन उघडणारं मागचं दार निराळं, आणि त्यात बेकायदा काही नव्हतं.

ते दार बंद करणारा कायदा कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये केला. देणगीदारांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप द्यायला खासगी विद्यापीठांना मनाई झाली. मोडला तर शिक्षा? विद्यापीठाचं नाव सरकारी वेबसाइटवर झळकणार. बस्स.

शिक्षण आणि पैसा हा या दिवाळी अंकाचा विषय. त्यासाठी सातासमुद्रापारचं उदाहरण घेतलं, कारण तिथे कोण किती भरतो हे कपड्यांवरून ओळखू गेलं तर हमखास फसगत होते. पदवीची वर्षाची फी ७३ हजार डॉलरच्या घरात, म्हणजे ६० लाख रुपयांच्या वर, राहणं-खाणं वेगळं. पण ही झाली छापील किंमत. घरचं वार्षिक उत्पन्न ८० हजार डॉलरपर्यंत असलेल्या अमेरिकी कुटुंबांतल्या मुलांना शिक्षणशुल्क माफ करण्याची घोषणा यूएससीने २०२० मध्ये केली; राहतं घर त्या हिशेबात धरायचं नाही असंही ठरवलं. आसपासच्या गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांना शनिवारचे वर्ग घेऊन तयार करण्याचा उपक्रमही तिथे आहे. पात्र ठरून प्रवेश मिळवला की त्या मुलांच्या शिक्षणाचा भार विद्यापीठ उचलतं. पांढऱ्या स्नीकर्समधली मुलगी फुकट शिकत असेल, कुणी सांगावं?

आणि पुणे-नाशिक-ठाण्याहून एमएसला गेलेला मुलगा? पाठीवर डेकॅथलॉनची सॅक, अंगात इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टचा टी-शर्ट, खोलीत घरून नेलेला कुकर. फॅशनच्या कुठल्याही व्याख्येत तो बसत नाही. घरची ऐपत पाहून दिली जाणारी मदत परदेशी विद्यार्थ्यांना तिथे नाही, त्यामुळे बहुधा तोच छापील किमतीने शिकतो. फी युनिटवर आकारतात आणि एका युनिटला दोन हजार डॉलरहून जास्त पडतात. सत्र चालू असताना व्हिसाच्या नियमाने आठवड्याला २० तासांपलीकडे कॅम्पसवर काम करता येत नाही. इकडे सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. मग आई-वडिलांचा फ्लॅट गहाण पडतो.

स्प्रिंग सत्र जानेवारीत सुरू होतं. त्यामुळे बँकेतले अर्ज, सह्या आणि डॉलरचा त्या दिवसाचा भाव ही धावपळ फराळाच्या दिवसांतच डोकं वर काढते. ऑगस्टात पोरगा निघाला तेव्हापासून डॉलर दोन रुपयांनी जरी चढला असला, तरी ३० हजार डॉलरच्या हप्त्यावर ६० हजार रुपये जास्तीचे उभे करावे लागतात. कर्ज मंजूर झालेलं असतं जुन्या भावाने.