अनुभव कुणाचा, हिशेब कुणाला?

२०२५ च्या डिसेंबरात राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच गावांत त्या तीन-चार वर्षं रखडलेल्या होत्या. या वेळी नगराध्यक्षही थेट आपल्याच मतांवर निवडायचा होता. त्यामुळे भिशीत, भाजीबाजारात, शाळेच्या फाटकाशी विषय एकच. कुणी म्हणे, "हे वीस वर्षं राजकारणात आहेत, यांना सगळं ठाऊक आहे." त्यावर दुसरी म्हणे, "राजकारणी नकोतच बाई आता! त्यापेक्षा तो कारखानदार बरा. शून्यातून धंदा उभा केला, गावही तसंच चालवेल." निवडणुका झाल्या, गुलाल उधळून झाला, पण वाद काही मिटला नाही. दर निवडणुकीला तो नव्याने निघणारच आहे. म्हणून जरा निवांतपणे विचार करू या. राज्य चालवायला अनुभव हवा तो कसला? सरकारी कामाचा की धंद्याचा?

धंदेवाल्याकडे आपलं मन ओढ घेतं, ते उगाच नाही. एका दाखल्यासाठी चार चकरा मारून पाय दुखले, की वाटतंच, दुकानात असं कधी होत नाही. धंदा करणाऱ्याला वेळेची किंमत कळते, माणसं कामाला लावता येतात, पैसा कुठे गळतो ते दिसतं. हे गुण खरे आहेत आणि आपल्या नगरपरिषदांना त्यांची गरजही आहे.

पण दुकान आणि सरकार यांत एक मोठा फरक आहे. दुकानदार तोट्यातला माल ठेवायचं बंद करतो. गिऱ्हाईक उधारी थकवणारं असेल तर त्याला दारात उभं करत नाही. सरकारला असं करता येतं का? डोंगरावरच्या वाडीत सातच पोरं आहेत म्हणून अंगणवाडी बंद करून कसं चालेल? शेवटच्या गल्लीत पाणी चढवायला वीज जास्त लागते म्हणून तिथला नळ तोडायचा का? ज्याच्याकडून नफा होत नाही, त्याच्यासाठीच तर सरकार असतं. शिवाय धंद्यातला पैसा मालकाचा. बुडाला तर त्याचा बुडतो. नगरपरिषदेतला पैसा तुमच्या-माझ्या घरपट्टीचा आणि पाणीपट्टीचा.

या वादाचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेत पाहायला मिळालं. २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प तिथे निवडून आले. त्याआधी ना कुठलं सरकारी पद, ना सैन्यातली नोकरी, असे ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष. 'मी यशस्वी उद्योगपती आहे' हेच त्यांचं मोठं भांडवल होतं. २०२५ मध्ये ते दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी इलॉन मस्क या जगातल्या बड्या उद्योगपतीला सरकारी खर्च कापायच्या कामाला लावलं. मस्क यांनी आधी दोन लाख कोटी डॉलर वाचवण्याची भाषा केली, मग ती निम्म्यावर आणली आणि मे महिन्याच्या अखेरीला ते त्या कामातून बाहेरही पडले. मधल्या काळात नोकरकपात एवढ्या घाईने झाली, की अण्वस्त्रांची देखभाल पाहणाऱ्या खात्यातल्या माणसांना घरी पाठवलं आणि थोड्याच दिवसांत परत या म्हणून बोलावणं धाडावं लागलं! कारखान्यात चूक झाली तर माल खराब होतो. सरकारात चूक झाली तर ती कुणाच्या जिवावर बेतेल सांगता येत नाही.

म्हणजे उद्योग करणाऱ्याने राजकारणात येऊच नये का? असं मुळीच नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यातले मनोहर पर्रीकर आठवा. मुंबईच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले, स्वतःचा व्यवसाय सांभाळणारे. पण ते थेट मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले नाहीत. १९९४ मध्ये आमदार झाले, विरोधी बाकावर बसले, विरोधी पक्षनेतेपद सांभाळलं आणि २००० साली मुख्यमंत्री झाले. मधली बहुतेक वर्षं त्यांनी सरकारला प्रश्न विचारण्यात घालवली. धंद्यातली हुशारी सार्वजनिक कामाला वापरायची तर मधे अशी उमेदवारी करावीच लागते. आज हळद प्यायली म्हणून उद्या कुणी गोरं होत नाही.

धंदेवाल्या उमेदवाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासायची असते. त्याचा धंदा कसला, आणि त्याचं गिऱ्हाईक कोण? कापडाचं दुकान असेल तर हरकत नाही. पण रस्त्याचे, गटारांचे ठेके घेणाराच ते ठेके मंजूर करायला बसला तर? कुंपणच शेत खाणार! म्हणूनच आपल्याकडे १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात तरतूद आहे, की नगरपरिषदेच्या कामात किंवा ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वाटा आहे, तो नगरसेवक व्हायला अपात्र ठरतो. ग्रामपंचायतीलाही असाच नियम आहे. कागदावर ठेका मेव्हण्याच्या नावाने असतो ते वेगळं. पण गावात कुणाचा डंपर कुणाच्या दारात उभा असतो, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

आता दुसरी बाजू, सरकारी कामाच्या अनुभवाची. महाराष्ट्राने खालून वर चढत गेलेले नेते पुष्कळ पाहिले. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, पुढे मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून वर आले. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा गावोगाव बायापुरुष झाडू घेऊन रस्त्यावर उतरले. गावाची नस ठाऊक असल्याशिवाय असली योजना सुचत नाही. वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण बेताचंच, पण सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा केलेला. त्यांच्याच सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. त्या धोरणावर टीकाही खूप झाली, पण तालुक्याच्या गावातल्या कितीतरी मुली घराजवळ इंजिनिअर झाल्या, हेही तितकंच खरं.

पण नुसत्या अनुभवावर विसंबायचं म्हटलं तरी पंचाईत आहे. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करून तिथे प्रशासक नेमावे लागले. त्या मंडळावर कोण होतं? वेगवेगळ्या पक्षांतली मुरलेली मंडळी. सरकारचाही अनुभव, साखर कारखाने चालवण्याचाही अनुभव. दोन्ही अनुभव एकाच टेबलाभोवती बसले होते, तरी बँकेवर ती वेळ आलीच.

आणि मधली प्रशासकांची वर्षं तर आपण सगळ्यांनीच काढली. प्रशासक म्हणजे शिकलेला, परीक्षा देऊन आलेला, सरकारी कामात मुरलेला अधिकारी. काहींनी कामं चांगलीही केली. पण नळाला आठ दिवस पाणी आलं नाही तर जायचं कुणाकडे? नगरसेवक कसाही असला तरी त्याचं दार आपल्याला माहीत असतं, त्याच्या आईला आपण ओळखतो. पाच वर्षांनी तो हात जोडून येणार असतो. अधिकाऱ्याची बदली होते, तो निघून जातो. ज्याला आपल्याला उत्तर द्यायचंच नाही, त्याचा अनुभव आपल्या किती उपयोगाचा?

माझ्या मते खरी मेख इथे आहे. कुणी किती वर्षं खुर्चीत बसला, किंवा किती नफा कमावला, यावरून माणूस कळत नाही. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चारचौघांत दिलाय का कधी, हा खरा अनुभव. आणि या मापाने मोजलं तर बचत गटाची अध्यक्ष काय कमी आहे? दहा-बारा घरांचा पैसा तिच्या हातात असतो. दर महिन्याला वही उघडून सगळ्यांसमोर वाचून दाखवते. बँकेचं कर्ज फेडून घेते, हप्ता थकला तर त्या घरी जाऊन बसते आणि नवरा आजारी असेल तर सवलतही मिळवून देते. हा धंद्याचाही अनुभव आहे आणि लोकांच्या कामाचाही. पण उमेदवारीची चर्चा निघाली की तिचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. म्हणतात, "तिला काय अनुभव?"

अनुभवाची आणि शिक्षणाची अट घातली की दार कुणाच्या तोंडावर बंद होतं, तेही बघा. राजस्थानने २०१४ च्या डिसेंबरात पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली. हरियाणाने २०१५ मध्ये तेच केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. दिसायला अट चांगलीच. पण ज्या मुलींना धाकट्या भावंडांसाठी शाळेतून काढलं, त्याच पुढे मोठ्या होऊन अपात्र ठरल्या. शाळा सोडायला लावली कुणी आणि शिक्षा कुणाला! राजस्थानने २०१९ मध्ये ती अट काढून टाकली.

उलट नवख्या बायकांनी काय केलं, याचा अभ्यास झालेला आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल मिळवणाऱ्या एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या. २००४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे प्रमुखपद बाईसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं आढळलं. यातल्या बहुतेक जणी राजकारणात नव्या. पण हंडा कुणाच्या डोक्यावर असतो, हे त्यांना ठाऊक होतं. तोही अनुभवच की!

आता मनाला लागणारी गोष्ट. १९९३ पासून पंचायती-नगरपरिषदांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. बाई निवडून येते. पहिलं वर्ष नवऱ्याच्या सावलीत जातं, दुसऱ्या वर्षी ती कागद वाचू लागते, तिसऱ्या वर्षी सभेत बोलू लागते. पाचव्या वर्षी मुख्याधिकाऱ्याला नियम दाखवते. आणि मग सोडत निघते! प्रभाग खुला होतो आणि पक्ष म्हणतो, "ताई, आता साहेबांना संधी द्या." झालं, पाच वर्षांची शिकवणी वाया. पुढच्या राखीव प्रभागात पुन्हा नवी बाई, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. वर तेच लोक म्हणणार, "बायकांना अनुभव नसतो." अहो, आलेला अनुभव टिकू कोण देत नाही?

खुला प्रभाग म्हणजे पुरुषांचा प्रभाग नव्हे. तिथून बाईला उभं राहता येतं. कायद्याची आडकाठी नाही, आडकाठी आहे ती आपल्या मनात आणि पक्षाच्या बैठकीत. २०२३ मध्ये संसदेने लोकसभा आणि विधानसभेतही महिलांसाठी एक तृतीयांश जागांचा कायदा केला आहे. त्या जागांवर उद्या कोण बसणार? कामाने तयार झालेल्या आपल्या सरपंच आणि नगरसेविका, की नेत्यांच्या सुना आणि लेकी? आज ज्यांना आपण एका टर्मनंतर घरी बसवतो, त्यांच्यातूनच ही फळी तयार व्हायची आहे.

तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की तो उद्योजक आहे की जुना राजकारणी, यावर अडून बसू नका. चहा द्या आणि तीनच गोष्टी विचारा. लोकांचा पैसा कधी हाताळलाय का, आणि त्याचा हिशेब कुणाला दिलाय? नगरपरिषदेच्या कुठल्या कामात तुमचा किंवा घरच्यांचा ठेका आहे का? आणि आमच्या प्रभागातून आधी निवडून आलेल्या ताईंचं काम चांगलं होतं, मग त्यांचं तिकीट का कापलं?

तिसऱ्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळणार नाही. तरी विचारा. दहा घरांतून एकच प्रश्न आला, की अकराव्या घरी जाण्याआधी त्यांना विचार करावाच लागेल.