कायझेन आले, ग्रंथ केव्हा?

चाकण औद्योगिक पट्ट्यातील महाळुंगे परिसरात ‘कायझेन’ आणि ‘कानबान’ हे शब्द आता परके राहिलेले नाहीत. जपानची शिस्त आपण स्वीकारली, हे योग्यच झाले. परंतु त्या शिस्तीमागील विद्येची व्यवस्था आपण स्वीकारली काय?

तोक्यो विद्यापीठ १८७७ मध्ये स्थापन झाले. आरंभी तेथील बरेच अध्यापक परदेशी होते आणि विज्ञानाची व्याख्याने मुख्यतः इंग्रजीत होत. ही अवस्था कायमची मानण्याचा करंटेपणा जपानी धुरीणांनी केला नाही. १८८० च्या दशकात अध्यापन जपानी भाषेकडे वळविण्यात आले. १८८६ मध्ये सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय विद्यापीठात विलीन झाले आणि कायदा, वैद्यक, साहित्य व विज्ञान यांच्या पंक्तीस अभियांत्रिकी विद्याशाखा बसली. युरोपात हा विषय तेव्हा बहुधा वेगळ्या तंत्रशाळांकडे सोपविलेला असे. ग्रंथसंग्रहाची आस्थाही तशीच. ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांची पुस्तके त्यांच्या निधनानंतर भारतात आली नाहीत, तोक्योला गेली! १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत ती लाखो ग्रंथांसह भस्मसात झाली. पण रॉकफेलर यांच्या देणगीतून १९२८ मध्ये नवे ग्रंथालय उभे राहिले.

हा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित होता, असे नाही. महर्षी कर्वे यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे मुख्य सूत्र होते. एका पुस्तिकेतून कर्व्यांनी जे टिपले, ते आम्हांस जपानी यंत्रांच्या सहवासातही उमगू नये, याचा विषाद वाटतो.

निगडीच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी अभ्यासक्रम सुरू केला, हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि ग्रंथांवाचून माध्यम पांगळे राहते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चावा लागतो. त्यातील काही वाटा साचे, धातू, विद्युत्‌नियंत्रण आदी विषयांवरील मराठी ग्रंथ जाणत्या अभियंत्यांकडून, रीतसर मोबदला देऊन, लिहवून घेण्यास का मिळू नये? आणि ते ठेवण्यासाठी महाळुंग्यातच एक वाचनालय हवे. तिसरी पाळी संपवून येणाऱ्या कामगारालाही त्याचे दार उघडे मिळाले पाहिजे.