कॉलेजसाठी फ्लॅट घेताय? सामान नंतर बांधा

अ‍ॅडमिशन झाली, हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही आणि आता चौघांनी मिळून फ्लॅट घ्यायचं ठरतंय. सध्या कितीतरी घरांत हेच चाललंय. मुलं भिंतीवर लावायच्या दिव्यांच्या माळा बघताहेत, आई डब्यांची यादी करतेय आणि बाबा ब्रोकर फोन उचलत नाही म्हणून वैतागलेत. तुम्ही इंदूरचे असा, बेळगावचे की लातूरचे, पुण्याला शिकायला येणाऱ्यांच्या घरचं चित्र थोड्याफार फरकाने असंच असतं. म्हणून आज पुण्याचंच उदाहरण घेऊन बोलू. मी इथे चौघींच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं राहिले आहे. दिव्यांच्या माळांना माझा अजिबात विरोध नाही, फक्त त्यांचा नंबर शेवटी लागतो.

आधी कागद

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना घर मिळतं ते बहुतेक वेळा ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्यामुळे ‘‘मुलंच तर आहेत, साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून टाकू’’ असं कुणी म्हणालं तर हसून नाही म्हणा. खर्च फार नसतो. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. म्हणजे महिन्याला २४,००० रुपये भाडं असेल तर ११ महिन्यांचे झाले २,६४,००० आणि त्यावर ६६० रुपये. डिपॉझिटचा हिशेब धरला की थोडे वाढतात. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एजंट घरी येऊन बोटांचे ठसे घेतो, त्याचे वेगळे पैसे घेतो. हा सगळा खर्च चौघांत वाटला तर एका पिझ्झा पार्टीएवढाही पडत नाही.

आता पालकांनी जरा लक्ष द्या. पहिल्या वर्षाची बरीच मुलं अजून १७ वर्षांची असतात. १८ पूर्ण नसलेल्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून सही पालकांची लागते. मग ‘‘तुमचे बाबा पुण्याला येणारच आहेत ना, तेच करतील सही’’ असं होतं. एकाच्याच बाबांच्या नावावर करार झाला की थकलेलं भाडं, फुटलेली काच, वेळेआधी सोडलेलं घर, सगळ्यासाठी घरमालक त्यांनाच फोन करणार. शक्य असेल तर चारही नावं करारात घाला. नसेल तर निदान चार कुटुंबांनी आपसांत लिहून ठेवा : कुणी किती डिपॉझिट दिलं आणि मध्येच कुणी गेलं तर काय करायचं.

मध्येच कुणी जातंच. प्रवेशाच्या पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज मिळतं, शाखा बदलते, कधी घरची आठवण सहन होत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीला गेलेली एक जण परत आलीच नाही. तिचा राग कुणालाच आला नाही, पण तिच्या वाटचं भाडं जानेवारीपर्यंत आम्ही तिघींनी भरलं आणि त्या काळात फ्लॅटमधली बोलणी फारच कमी झाली होती. नंतर आम्ही नियम केला : जी जाईल तिने बदली रूममेट शोधायची, नाहीतर दोन महिन्यांचा आपला हिस्सा द्यायचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज पिन करून ठेवला. मैत्रीत असं लिहून घेणं वाईट दिसतं असं वाटेल. पैशांवरून भांडण झाल्यावर जे दिसतं ते याहून वाईट असतं.

डिपॉझिटचं म्हणाल तर त्याला एकच एक आकडा नाही. बंगळुरूमध्ये दहा-दहा महिन्यांचं भाडं मागायची जुनी पद्धत आहे, पुण्यात त्या मानाने कमी चालतं. कितीही असो, पैसे ऑनलाइन द्या आणि ती रक्कम करारात लिहून घ्या.

घर पावसात बघा

उन्हाळ्यात बघितलेलं घर आणि जुलैत राहायला गेलेलं घर ही दोन वेगळी घरं असतात. नवा रंग दिलेली एकच भिंत दिसली तर हात लावून बघा, ओल तिथेच लपवलेली असते. तळघरातली खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, अभ्यासिकेसाठीसुद्धा नको. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग सेंटरच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी त्यात गेले.

पिण्याचं पाणी कुठून येतं, हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारा. महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? टाकी शेवटची कधी धुतली? २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं. घरमालक ‘‘फिल्टर आहे की’’ म्हणतील. त्याची कँडल कधी बदलली तेही विचारा आणि सुरुवातीचे काही दिवस पाणी उकळूनच प्या.

सगळ्यात जास्त वेळ बाथरूममध्ये घालवा. मी गंमत करत नाहीये. भाड्याच्या जुन्या घरांत अजूनही गॅस गीझर असतो आणि कधी कधी तो बाथरूमच्या आतच लावलेला असतो. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस ‘वाफेनं झालं असेल’ म्हणत तिथेच बसतो. घरात एकटा माणूस राहत असेल तर गीझर दहा मिनिटं चालतो. चार विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळच्या लेक्चरच्या आधी चार आंघोळी पाठोपाठ होतात, म्हणजे तोच गीझर पाऊण तास सलग. चौथा आत जातो तेव्हा हवा सगळ्यात खराब झालेली असते. वर थंडी वाजते म्हणून कुणीतरी खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं असतं.

म्हणून घरमालकांकडे विजेचा गीझर मागा, भाडं थोडं वाढलं तरी चालेल. ते जमत नसेल तर गॅस गीझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत लावून घ्या. तेही होईपर्यंत पाणी बादलीत काढून गीझर बंद करा, मगच दार लावा, खिडकी उघडी ठेवा आणि दोन आंघोळींच्या मध्ये दार उघडं टाका. कुणाला गरगरलं तर आधी बाहेर हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या.

चावी हातात आली त्या दिवशी

रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंतींवरचे डाग, तुटलेली टाइल, गळणारा नळ, पंखा चालतो की नाही, सगळं. विजेच्या मीटरचा फोटो घ्या, रीडिंग स्पष्ट दिसलं पाहिजे, म्हणजे आधीच्या भाडेकरूचं बिल तुमच्या माथी येणार नाही. हे सगळं त्याच दिवशी घरमालकांना पाठवून द्या. पोलिस पडताळणीचा फॉर्म भरला का तेही विचारा. सोसायटीचे सेक्रेटरी काका असतात, त्यांना स्वतःहून जाऊन भेटा. ‘बॅचलर मुलं’ म्हटलं की काकांच्या कपाळावर आठी येते, ती नमस्कार केल्यावर निम्मी जाते.

सामानाचं थोडक्यात. पलंग, टेबल, कुलर नवीन घेऊ नका. शेवटच्या वर्षाची मुलं घर सोडताना हे सगळं विकून जातात. तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा पुरे. पोळपाट-लाटणं आईला द्यायचंच असेल तर घ्या, पण पोळी-भाजी केंद्र कोपऱ्यावर असताना ते किती वापराल हे तुम्हालाही माहीत आहे. गॅस कनेक्शन नसेल तर इंडेनचा पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. मेतकूट, लसणीची चटणी आणि भाजणी मात्र नक्की घ्या, मेस रविवारी रात्री बंद असते.

फ्रीज एकच असेल तर नॉनव्हेज कुठे ठेवायचं हे पहिल्याच दिवशी बोला. रूममेट केरळचा असेल, राजस्थानची असेल, आणि ‘हे सगळ्यांना कळतंच’ असं आपण ज्याला समजतो ते खरं तर फक्त आपल्या घरी कळत असतं. चावीच्या चार प्रती करा आणि पाचवी शेजारच्या काकूंकडे ठेवा. पहिल्या पंधरवड्यात कुणीतरी बाहेर अडकतंच, बहुधा रात्री अकरा वाजता, फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर असताना.

दिव्यांची माळ आता लावा.