तोंडात तीन बोटे मावतात का?

परवा एका सोयरिकीच्या बैठकीसाठी आम्ही केळव्याला गेलो होतो. पानवेलीचे मळे, पोफळीच्या वाड्या. उसाइतकीच कष्टाची बागायत. यजमानांचा तरुण पुतण्या भाकरी दुधात कुस्करून खात होता. विचारले तर म्हणाला, "तिखट लागलं की आग होते काका, आणि तोंडच उघडत नाही." खिशात सुपारीची पुडी होतीच!

सभासद बंधूंनो, हे दुखणे आपल्या फडातही आहे. सुपारीने गालाच्या अस्तराखाली कठीण तंतू वाढतात, गाल ताठरतो, आणि पुढे काहींना कर्करोग होतो. दोष पानाचा नव्हे, सुपारीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे.

या रोगात चावण्याच्या स्नायूवरही ताण पडतो. काही रोग्यांत तो जाड झालेला आढळतो. सोनोग्राफीने त्याची जाडी मोजता येते. एकदा जबडा सैल ठेवून, एकदा दात घट्ट आवळून. क्ष-किरण नाहीत, सुई नाही. उपचारानंतर पुन्हा मोजून फरक पाहता येतो.

कोणी म्हणेल, तोंड पाहूनच रोग कळतो, मग यंत्र कशाला? खरे आहे. निदान डॉक्टरच्या नजरेनेच होते. पण दुखणे स्नायूपर्यंत गेले का, हे वरून दिसत नाही. शिवाय १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे हे यंत्र वाटेल तिथे फिरवता येत नाही. रोग्यालाच नोंदणीकृत केंद्रात न्यावे लागते.

म्हणून आमची सूचना अशी. गळीत हंगाम सुरू होण्याच्या सुमारास कारखान्याच्या गेटवर दंतवैद्यांकडून सभासद, कामगार आणि ऊसतोडणी मजूर या सर्वांचे तोंड तपासावे. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नाहीत, त्याला दंत महाविद्यालयात पाठवावे. तेथील डॉक्टरांनी सांगितल्यास सोनोग्राफीचा खर्च कारखान्याने सोसावा. तोडणी मजूर सभासद नाही, ही सबब नको. त्याच्या कोयत्यावरच आपले गाळप चालते.

आणि वार्षिक सभेत फिरणारे सुपारीचे तबक यंदापासून बंद करावे. गेलेली लवचिकता पुरती परत येत नाही, पण सुपारी सुटली तर पुढचे टळू शकते.

उसाचा उतारा आपण रोज मोजतो. माणसाचे तोंड किती उघडते, हे वर्षातून एकदा तरी मोजू या.